बावीस महिन्यांच्या भाचीला लिव्हरचा कॅन्सर सांगितलाय, या वाटेनं गेलेलं कुणी आहे का? (कोल्हापूर)

राजारामपुरीची_आत्या | ९ जून, रात्री ११.५०

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या भावाची मुलगी, बावीस महिन्यांची. भाऊ करवीर तालुक्यात गावीच असतो, ऊस आहे आणि तीन म्हशी. गेल्या महिन्यात वहिनी तिला तेल लावून आंघोळ घालत होती तेव्हा उजव्या बरगडीखाली हाताला घट्ट लागलं, कच्च्या पेरूसारखं म्हणाली. त्याच्या आधी दीडेक महिना पोट मोठं दिसतंय म्हणून गावात दाखवत होतो, दोनदा जंताचं औषध झालं. पोरगी खेळत होती, जेवण थोडं कमी झालेलं एवढंच, मग कोल्हापुरात सोनोग्राफी केली आणि लगेच सीटी, लिव्हरमध्ये नऊ सेंटिमीटरची गाठ. रक्तातली एएफपी म्हणून एक तपासणी असते, अशा गाठीतून रक्तात येणारं एक प्रोटीन मोजतात, ती ३,४२,००० आलीय. हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांतला लिव्हरचा कॅन्सर असावा, बायोप्सीसाठी मुंबईला जा असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय.

भाऊ त्या दिवसापासून कुणाशी धड बोलत नाही. आमच्या वडिलांचे मावसभाऊ लिव्हरच्या कॅन्सरनं गेले, कळल्यापासून चार महिन्यांत, तेच सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. थोरले काका म्हणतात एवढ्याशा जिवाला केमो देऊन हाल कशाला करता, आहे तेवढे दिवस घरात राहू दे. वहिनी नुसती रडते. मला कुणीतरी खरं सांगा, खोटा धीर नको, या आजारात मुलं जगतात का?

पंचगंगाकाठ | १० जून, सकाळी ६.१५

ताई, वाचून पोटात कालवलं. माहिती काही नाही मला, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

बालरोग_डॉक | १० जून, सकाळी ७.४०

ताई, मी जिल्ह्यातच बालरोगतज्ज्ञ आहे, कॅन्सरचा स्पेशालिस्ट नाही, पण असे पेशंट पुढं पाठवलेत आणि बरे होऊन परत आलेलेही बघितलेत. पहिल्यांदा तुमच्या वडिलांच्या मावसभावांचा आजार डोक्यातून काढून टाका. मोठ्या माणसांचा लिव्हरचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो, दारू, कावीळ बी, सिरॉसिस हे त्याच्या मागे असतं. तुमच्या भाचीचं बाकीचं लिव्हर ठणठणीत असणार. पोटात असताना लिव्हर तयार करणाऱ्या ज्या कोवळ्या पेशी असतात त्यातूनच हा ट्यूमर होतो, म्हणून तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांतच दिसतो, त्यातही तीनच्या आत जास्त. नाव सारखं, अवयव सारखा, पण आजार दुसरा. आणि लिव्हर चांगलं असल्यामुळंच सर्जन त्याचा मोठा भाग काढू शकतात, राहिलेलं वाढून जागा भरून काढतं.

जगतात का, तर हो. १९७० च्या दशकात दहातली तीनेक मुलं वाचायची. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आल्यावर चित्र पालटलं आणि आता चांगल्या सेंटरमध्ये दहातली आठ किंवा जास्त वाचतात. सायोपेल म्हणून युरोपातल्या डॉक्टरांचा गट आहे, त्यांचा २००९ मध्ये छापलेला अभ्यास बघा, ज्या मुलांची गाठ लिव्हरपुरती होती आणि लिव्हरचा निदान एक भाग मोकळा होता त्यांना एकटं सिस्प्लॅटिन दिलं तरी तीन वर्षांनी शंभरातली ९५ मुलं जिवंत होती. जास्त धोक्याच्या गटात, म्हणजे फुप्फुसात गेलेली किंवा पूर्ण लिव्हर व्यापलेली गाठ, तिथंही २०१३ च्या अभ्यासात तीन वर्षांनी ८३ टक्के. एका औषधानं भागणाऱ्या मुलांना दुसरं जड औषध देऊन जास्त काही मिळत नाही हे त्या पहिल्या अभ्यासातून कळलं, म्हणून आता गट पाडून तेवढ्यालाच तेवढं देतात.

तुमच्या एएफपीचा आकडा बघून घाबरू नका. हा आकडा मोठा असणं हे या आजारात नेहमीचंच, दहातल्या नऊ मुलांत वाढलेलाच असतो. उलट एवढी मोठी गाठ असून एएफपी शंभरच्या खाली असली तर आम्हाला जास्त काळजी वाटते. आणि हाच आकडा पुढं तुमचा सोबती होणार आहे, केमो लागू पडतेय का ते तो सांगतो.

मुंबईत डॉक्टरांना एवढंच विचारा, प्रीटेक्स्ट किती? लिव्हरचे चार भाग धरतात, लागून असलेले किती भाग मोकळे आहेत त्यावरून एक ते चार नंबर देतात. रक्ताच्या मोठ्या शिरांत गेलीय का आणि छातीच्या सीटीत फुप्फुसं साफ आहेत का हे दोन प्रश्न त्याच्याबरोबर.

काकांना माझ्याकडून सांगा, हाल केमोनं होतात त्यापेक्षा गाठ वाढू दिल्यावर जास्त होतात. आपल्याकडं ही मुलं दगावतात ती पुष्कळदा उशिरा पोचल्यामुळं आणि उपचार मध्येच सोडल्यामुळं. आठवडा घालवू नका.

शाहूपुरीकर | १० जून, सकाळी ९.०५

डॉक्टरांनी आजाराचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो, माझ्या बहिणीच्या मुलाला ब्लड कॅन्सर झालेला तेव्हा सगळं धावपळ करून शिकलोय. रेशनकार्ड आणि आधार दोन्हीवर नाव आणि स्पेलिंग एकच आहे का आजच बघा, बाळाचं नाव रेशनकार्डात चढलेलं नसतं आणि तिथंच गाडी अडते, जन्मदाखला बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पूर्वी दीड लाख होते. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात त्यांना पहिल्याच दिवशी गाठा, बिल भरून झाल्यावर नाही. परळच्या टाटाला गेलात तर मेडिकल सोशल वर्करकडं नाव नोंदवा, तिथं मुलांच्या कॅन्सरसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, पैशासाठी उपचार थांबू नयेत हेच त्यांचं काम. राहायला सेंट ज्यूड इंडियाच्या चाइल्डकेअर सेंटरमध्ये जागा मिळते का विचारा, उपचार चालू असलेल्या मुलाला आणि आईबापांना फुकट खोली आणि स्वयंपाकाची सोय असते. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा.

रेल्वेचं विसरू नका, हॉस्पिटलच्या फॉर्मवर कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण माफ, बरोबरच्या एकाला ७५ टक्के. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, तिथनं परळ हाकेच्या अंतरावर. आणि सगळ्या रिपोर्टची झेरॉक्स दोन, सीटीची सीडी हातात, बॅगेत नाही.

यंत्रमागाचा_बाप | १० जून, दुपारी २.३०

ताई मी इचलकरंजीचा. आमचं पोरगं १४ महिन्यांचं होतं तेव्हा हेच निघालं, २०१६ साल. आता पाचवीत आहे, दंगा करतंय, सायकलवरनं पडून परवाच गुडघा फोडून घेतलाय. एवढंच आधी सांगतो म्हणजे तुमच्या भावाला वाचून दाखवता येईल.

आता बाकीचं. चार केमो, मग ऑपरेशन, मग दोन केमो. प्रत्येक केमोला तीन दिवस जायचे, उलट्या व्हायच्या, पाणी चढवत राहायचे कारण सिस्प्लॅटिन किडनीला जड, लघवी मोजून लिहायची, मी वहीत रेघा मारून लिहायचो. केस गेले, परत आले. सगळ्यात वाईट दिवस ऑपरेशनचा, नऊ तास बाहेर बसलो, सर्जन बाहेर आले आणि म्हणाले गाठ पूर्ण निघाली कडा साफ दिसतायत, मला कडा म्हणजे काय ते पण कळलं नाही मी नुसताच पाया पडलो. कापलेल्या कडेला गाठीचं काही उरलं नाही असा अर्थ, ते नंतर कळलं.

पण मला जे कुणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतोय. सिस्प्लॅटिननं कान जातात. पूर्ण नाही, बारीक म्हणजे उंच पट्टीतले आवाज आधी जातात. आमच्या घराला लागून माग आहेत, त्याचा धडधडाट पोराला व्यवस्थित ऐकू यायचा, माग बंद पडला की वर बघायचं, म्हणून आम्हाला वाटलं कान चांगलेच आहेत. पण कुकरची शिट्टी झाली तरी मान वळवायचं नाही. तीन वर्षांचं झालं तरी साखरेला आखर, शाळेला आळा म्हणायचं, आम्ही लाडानं बोबडं बोलतंय म्हणत राहिलो. स, श असले आवाज त्याच्या कानात पोचतच नव्हते, मग त्याच्या तोंडात कुठून येणार. साडेतीन वर्षांचा असताना मशीन लावलं दोन्ही कानाला. पहिल्या दिवशी घरी आला आणि आईच्या बांगड्यांकडं बघत बसला, परत परत तिचा हात धरून हलवत होता. दोन वर्षं त्याला ते ऐकू आलं नव्हतं.

पोरगं जगलं, त्यापुढं कान काहीच नाहीत हे मी स्वतःलाच रोज सांगतो. पण आता त्याच्यावर औषध आलंय म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं. डॉक्टरसाहेब तुम्ही सांगा.

बालरोग_डॉक | १० जून, संध्याकाळी ६.१०

दादांनी फार मोलाचं लिहिलंय. औषधाचं नाव सोडियम थायोसल्फेट. सिस्प्लॅटिन संपल्यावर बरोबर सहा तासांनी शिरेतून देतात, पंधरा मिनिटांत जातं. २०१८ मध्ये सायोपेलचाच अभ्यास छापून आला, याच आजाराच्या मुलांवर. ज्यांना ते दिलं नाही त्यातल्या ६३ टक्के मुलांची ऐकण्याची शक्ती कमी झाली, ज्यांना दिलं त्यात ३३ टक्के. आणि मुलं जगण्याच्या प्रमाणात घट झाली नाही, ही भीती सगळ्यांना होती. सहा तासांचं अंतर महत्त्वाचं, लवकर दिलं तर सिस्प्लॅटिनचाच जोर मोडेल. गाठ लिव्हरपुरती असेल तेव्हाच हे वापरतात, पसरलेली असेल तर डॉक्टर हात आखडता घेतात. ताई, पहिल्या केमोच्या आधी कानाची बेरा तपासणी (लहान मुलाला किती ऐकू येतं ते मशीनवर बघतात) करून घ्या आणि थायोसल्फेट देता येईल का असं सरळ विचारा. विचारल्यानं कुणी रागावत नाही.

गडहिंग्लजची_माऊली | १० जून, रात्री १०.२०

माझ्या मुलीला २०२१ मध्ये प्रीटेक्स्ट चार होतं, म्हणजे चारही भागात. केमोनंतर गाठ लहान झाली पण कापून काढण्यासारखी झाली नाही, म्हणून ट्रान्सप्लांट. माझ्या लिव्हरचा डावा छोटा भाग तिला दिला. लोक म्हणाले आई पण जायची आणि पोर पण, सासूबाई मात्र म्हणाल्या माझ्या नातीला जे द्यायचं ते दे, घर मी बघते. लहान मुलाला एवढासा तुकडा पुरतो आणि माझं लिव्हर परत भरून आलं, आता मी शेतात जाते. डॉक्टरांनी धीर द्यायला सांगितलेलं की भारतातलं पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट १९९८ ला दिल्लीत झालं ते दोन वर्षांच्या आतल्या मुलावरच आणि लिव्हर वडिलांनी दिलेलं. लिव्हर अंगानं नाकारू नये म्हणून गोळ्या जन्मभर आहेत, सकाळ संध्याकाळ घड्याळ लावून. ताई, गाठ कापता येत नाही असं कुणी म्हणालं तरी तिथं रस्ता संपत नाही. फक्त ट्रान्सप्लांट लागेल असं वाटत असेल तर त्या टीमला सुरुवातीलाच दाखवा, शेवटी नाही.

निसर्गोपचार_प्रेमी | ११ जून, सकाळी ८.००

केमो म्हणजे विषच. आमच्या ओळखीत गगनबावड्याकडं एकजण झाडपाल्याचा काढा देतात, लिव्हरला एकदम गुणकारी. आधी महिनाभर तो करून बघा, मग मुंबई.

बालरोग_डॉक | ११ जून, सकाळी ८.२५

तुमच्या मनात काही वाईट नाही हे कळतं, तरी हा सल्ला मी इथं तसाच सोडू शकत नाही. एका महिन्यात ही गाठ शिरेत किंवा फुप्फुसात जाऊ शकते, म्हणजे सोप्या गटातलं मूल अवघड गटात जातं. शिवाय काही झाडपाला स्वतःच लिव्हरला बाधतो आणि केमोच्या औषधांत गोंधळ घालतो. कृपा करून या मुलीला काही देऊ नका.

सिस्टर_माई | ११ जून, सकाळी ११.४५

मी निवृत्त स्टाफ नर्स. थोडं बोलते, हे घरच्यांना वाचून दाखवा.

केमोनंतर आठदहा दिवसांनी पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट झाला की हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघू नका, ताप झाकला जातो आणि आत सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग, वाढत राहतो. घरात डिजिटल थर्मामीटर दोन ठेवा.

घरात म्हशी आहेत म्हणालात. मुलीला धारोष्ण दूध देऊ नका. आपल्याकडं पोरांना कट्ट्यावर नेऊन फेसाळ दुधाचा ग्लास देणं हे किती मायेचं असतं मला माहितीय, मीही गंगावेशीत तेच पीत मोठी झाले, पण पेशी कमी असताना कच्चं दूध म्हणजे जंतूंना आवतण. उकळी फुटू द्या, मग द्या. उघड्यावरचा उसाचा रस नको, कापून ठेवलेली फळं नकोत. धार काढून आलेल्या माणसानं हात साबणानं धुऊनच तिला घ्यायचं. अंबाबाईचा, जोतिबाचा अंगारा कपाळाला लावा, जिभेवर नको, देवी रागवत नाही. बघायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, वाईटपणा आत्यानं घ्यावा. लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

कागलची | ११ जून, रात्री ११.५५

दोन दिवस लिहू की नको करत होते. माझा मुलगा बारा वर्षांचा होता. त्याचा हेपॅटोब्लास्टोमा नव्हता, मोठ्यांना होतो तो प्रकार होता, हेपॅटोसेल्युलर. तो मोठ्या मुलांत होतो आणि त्याला केमो नीट लागू पडत नाही, ऑपरेशनमध्ये पूर्ण निघाला तरच आशा. आमचा नाही निघाला. कावीळ बी माझ्याकडून त्याला गेलेली होती, मला स्वतःला आहे हेच मला माहीत नव्हतं, गरोदरपणात तपासणी झाली नाही आणि जन्मल्यावर लस मिळाली नाही.

ताई, तुमच्या भाचीचा आजार वेगळा आहे, तुम्ही जा, थांबू नका. मी फक्त यासाठी लिहिलं की हा धागा जी कुणी गरोदर बाई वाचेल तिनं कावीळ बीची तपासणी करावी, आणि बाळाला पहिल्या चोवीस तासांत लस टोचून घेतल्याशिवाय दवाखान्यातून हलू नये. ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

राजारामपुरीची_आत्या | १२ जून, पहाटे ५.३०

कागलच्या ताई, काय लिहू कळत नाही. तुमचं लिहिलेलं माझ्या धाकट्या जावेला वाचून दाखवलं, तिला पाचवा महिना आहे, आज तपासणीला जातेय.

काल रात्री भावाला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, इचलकरंजीच्या दादांचं दोनदा. ऐकून झाल्यावर उठला आणि रेशनकार्ड शोधायला लागला. आज रात्रीच्या गाडीनं निघतोय.

राजारामपुरीची_आत्या | २७ जून, रात्री ९.४०

बायोप्सी आली, हेपॅटोब्लास्टोमाच. प्रीटेक्स्ट दोन, फुप्फुसं साफ, शिरा मोकळ्या. बेरा नॉर्मल. थायोसल्फेटचं विचारलं, डॉक्टर म्हणाल्या देणारच होतो, तुम्हाला कुणी सांगितलं? परवा पहिली केमो झाली. उलट्या खूप, पण आज सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, दूध उकळलेलं माई.

यंत्रमागाचा_बाप | २७ जून, रात्री ९.५५

लई बरं वाटलं. तिसऱ्या केमोला घरचे सगळे थकतात बघा, तेव्हा पण धीर सोडायचा नाही.

राजारामपुरीची_आत्या | १४ ऑगस्ट, दुपारी ४.००

चार केमो झाल्या. दुसरीनंतर एकदा रात्री ताप १०१ आला, रिक्षा करून नेलं, पाच दिवस अँटिबायोटिक. दादा म्हणाले तसंच झालं, तिसऱ्या केमोला वहिनी म्हणाली आता बास, घरी जाऊ, तिच्या हातात शक्तीच राहिली नव्हती. मी आठ दिवस जाऊन राहिले तिथं, तिला नुसतं झोपू दिलं.

एएफपी: ३,४२,००० वरून ५८,०००, मग ९,४००, आता २,१००. गाठ नऊवरून पाच सेंटिमीटर. भाऊ मध्ये आठवडाभर गावी आलेला, घरातल्या कालनिर्णयवर तो रोजचं दूध लिहितो, सकाळचे लिटर संध्याकाळचे लिटर. परवा मी बघितलं तर त्याच चौकोनात एएफपीचे आकडे लिहिलेले, लाल पेनानं. मला काही बोलला नाही. २८ ला ऑपरेशन.

बालरोग_डॉक | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१५

आकडे छान उतरतायत. एक आधीच सांगून ठेवतो, ऑपरेशननंतर एएफपी दुसऱ्या दिवशी शून्य होत नाही, साधारण पाचसात दिवसांत निम्मी अशी उतरते. पंधरा दिवसांनी शेकड्यात दिसली तर घाबरू नका, उतरतेय ना एवढंच बघा.

राजारामपुरीची_आत्या | ३० ऑगस्ट, सकाळी ७.२०

झालं ऑपरेशन. साडेसहा तास. उजवा भाग काढला. कडा साफ. आयसीयूत आहे, काल संध्याकाळी वहिनीचं बोट धरलं.

सिस्टर_माई | ३० ऑगस्ट, सकाळी ७.३०

अंबाबाई पावली. मुंबईतच राहा, गावी न्यायची घाई करू नका.

राजारामपुरीची_आत्या | ६ डिसेंबर, रात्री १०.३०

उशीर झाला लिहायला, ऑक्टोबरात शेवटच्या दोन केमो होऊन दिवाळीला घरी आलो. एएफपी ऑगस्टपासून २,१००, १६०, २१, आणि आता दोन वेळा लागोपाठ ६. सोनोग्राफीत लिव्हर भरून आलेलं दिसतं. पहिलं वर्ष महिन्याला रक्त, तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि छातीचा फोटो, आजार उलटायचा असला तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत उलटतो म्हणून या तारखा चुकवायच्या नाहीत अशी ताकीद आहे. कानाची तपासणी नॉर्मल आली. दादा, घरी कुकर लावला की ती शिट्टी मोजते, दोनच्या पुढं मोजता येत नाही तिला म्हणून परत एकपासून. तुमच्या मुलाला माझ्याकडून खूप आशीर्वाद.

थोरले काका आता मुंबईच्या प्रत्येक तारखेला गाडीवर सोडायला स्टेशनवर येतात.

जयसिंगपूर_११ | ९ डिसेंबर, दुपारी १.१०

ताई, हा धागा शोधता शोधता सापडला. माझा मुलगा अकरा महिन्यांचा, काल सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ सांगितली. हात थरथरतायत लिहिताना. काय करू?

राजारामपुरीची_आत्या | ९ डिसेंबर, दुपारी १.१८

दादा, नंबर मेसेजमध्ये पाठवलाय, आत्ता फोन करा. एएफपीला रक्त दिलं का? नसेल तर आजच द्या. मुलाचं नाव रेशनकार्डात चढलंय का बघा. आणि पहिल्या केमोच्या आधी बेरा करून घ्यायची आहे हे कुठंतरी लिहून ठेवा, नंतर गडबडीत राहून जाते.